बागाईतदारांस नव्या वाईनची पारख हवी

पालघरपासून घोलवड-बोर्डीपर्यंतच्या किनारपट्टीत चिकूचे बागाईत करणाऱ्या आमच्या बंधूंपुढे गेल्या काही वर्षांत एक नवा प्रश्न आला आहे. सारे फळ दूरच्या बाजाराच्या भावावर सोडावे, की त्यातील काही हिस्सा वाईन काढणाऱ्या लहान कारखान्यास द्यावा, हा तो प्रश्न होय. बोर्डीच्या हिल झिल वाईन्सने चिकूपासून वाईन करून बाजारात आणली, तेव्हापासून ही गोष्ट नुसत्या कल्पनेची राहिली नाही. चिकू तोडल्यावर आठवडाभरात मऊ पडतो आणि मग त्यास कोणी वाली राहत नाही. अशा नाशवंत मालास गावाजवळ गिऱ्हाईक मिळणे ही लहान सोय नव्हे. परंतु या चर्चेत एक गोष्ट आम्हांस कोठेच ऐकू येत नाही. आपल्या फळातून जो माल निघावयाचा, त्याची बरीवाईट चव ओळखणारे बागाईतदार आपल्यांत किती आहेत?

ही पृच्छा निरर्थक वाटू नये, म्हणून जुनी हकीकत सांगतो. ताडी, माडी आणि शिंदी यांचा व्यापार या प्रांतास नवा नाही. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने त्याजवर सरकारचा ताबा पक्का झाला. १८९२ च्या मोहवा कायद्याने तर ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले जवळ बाळगण्यावरही बंधने आली, आणि पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होते. झाड एकाचे, त्यावर चढणारा दुसरा आणि नफा मक्तेदाराचा, अशी त्या व्यवहाराची रीत पडली. आज मक्ते गेले, कायदे बदलले. परंतु फळ देणारास मालाची पारख नसेल, तर भाव ठरविणारा मात्र निराळाच राहणार, हे उघड आहे.

याच्या उलट उदाहरण फ्रान्सातील बर्गंडी प्रांताचे आहे. तेथे पिनो न्वार नावाचे काळे द्राक्ष होते. साल पातळ, रंग फिका, लवकर पिकणारे आणि उन्हास न सोसणारे, असे ते मोठे नाजूक वाण आहे. शेजारच्या दोन शेतांतील पिनोची वाईनही निराळी लागते, अशी त्याची ख्याती. तरीही पुष्कळ काळ तेथील शेतकरी आपली नवी वाईन पिंपांतून व्यापाऱ्यास विकून मोकळा होत असे. व्यापारी दहा शेतांची वाईन एकत्र करून आपल्या नावाने खपवी. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकांत काही शेतकऱ्यांनी आपली वाईन आपणच बाटल्यांत भरून विकण्यास आरंभ केला. हे धैर्य त्यांस कोठून आले? पिंपातली कोवळी वाईन चाखून ती पुढे कशी होईल, हे सांगण्याची विद्या त्यांच्या घरात होती म्हणून. नव्या पिनोस चेरी किंवा स्ट्रॉबेरीसारखा ताज्या फळाचा वास येतो आणि आंबटपणा जिभेस बोचतो. तोच आंबटपणा तिला वर्षानुवर्षे टिकवितो, आणि पुढे त्या वासाची जागा ओल्या पाचोळ्याचा, अळंब्यांचा वास घेतो. म्हणून रसिक लोक लहान कारखान्यांच्या नव्या बाटल्या घेऊन साठवितात आणि दरवर्षी एकेक उघडून पाहतात.

आपल्या चिकूस हा नियम जसाच्या तसा लावू जाल तर मात्र फसाल. पिकलेल्या चिकूच्या रसात शंभरांत वीसच्या आसपास विद्राव्य घनांश असतो व त्यात बहुतेक साखरच असते. लिटरामागे सुमारे १७ ग्रॅम साखर आंबली की एक टक्का मद्यार्क होतो. तेव्हा गोडीची उणीव नाही. उणीव आहे ती आंबटाची. वाईनच्या द्राक्षात जितके आम्ल असते, त्याच्या चौथ्या हिश्शाइतकेही चिकूत बहुधा नसते. त्यामुळे आंबविण्यापूर्वी रसात सायट्रिक किंवा टार्टारिक आम्ल घालावे लागते, नाही तर नको ते जंतू यीस्टच्या आधी घर करतात. फळ अर्धे कच्चे गेले तर त्यातील चीक व तुरटपणा वाईनमध्ये उतरतो. फार पिकलेले गेले तर गाळणे जिकिरीचे होते. लाल वाईनला जो रंग व जो टॅनिनचा आधार सालीतून मिळतो, तो येथे नाही. अर्थात चिकूची वाईन थंड करून, कोवळी असतानाच घ्यावयाची वस्तू आहे. तळघरात दहा वर्षे ठेवण्याची नव्हे. आमच्या किनाऱ्यावर तळघर म्हणाल तर पावसाळ्यात त्याची विहीरच व्हावयाची.

तर मग बागाईतदाराने बाटल्या साठवाव्या त्या कशासाठी? आमचे उत्तर असे की, नमुना म्हणून. ज्या कारखान्यास आपण फळ दिले, त्याजकडून त्या त्या बहाराच्या वाईनच्या चार बाटल्या रीतसर विकत घ्याव्या. एक लगेच उघडावी, दुसरी सहा महिन्यांनी, तिसरी वर्षाने व चौथी दोन वर्षांनी. तारापूर-चिंचणीच्या घरात वैशाखात जी ऊब असते, तीत माडीवर ठेवलेली बाटली लवकर बिघडेल. म्हणून घरातील सर्वांत थंड, अंधारी जागा निवडावी, अथवा शीतकपाटाचा खालचा खण द्यावा. चाखताना पातळ काचेचा पेला घेऊन मागे पांढरा कागद धरावा. रंग पिवळसर स्वच्छ आहे की तपकिरी होत चालला, हे आधी पाहावे. मग वास घ्यावा. ताज्या फळाचा आहे, शिळ्या गुळाचा आहे, की सिरक्याचा? शेवटी घोटभर तोंडात घोळवून थुंकून टाकावी आणि मागे तुरट राहते की कडू, ते लिहावे. वहीत फळ तोडल्याची तारीख, बहार, झाडांस पाणी किती दिले व बाटली भरल्याचा महिना या गोष्टी शेजारी असल्याच पाहिजेत, नाही तर ती वही नुसती करमणूक होईल. हिवाळी फळ आणि पावसाळी फळ यांतील अंतर अशा वहीत दोन-तीन वर्षांत स्पष्ट दिसू लागेल, आणि भावाची बोलणी करताना तीच वही कामास येईल.

कोणी म्हणेल, ज्या जिल्ह्यात दारूने कित्येक आदिवासी संसार धुळीस मिळविले, तेथे हा उपदेश कसला? आक्षेप खरा आहे व आम्ही तो हसण्यावारी नेत नाही. परंतु चाखणे म्हणजे पिणे नव्हे. चहाचा पारखी दिवसाकाठी शेकडो पेले चाखतो व थुंकतो, म्हणून त्यास कोणी चहाबाज म्हणत नाही. ज्यांस वाईन वर्ज्यच आहे, त्यांनी ती तोंडास लावू नये. वासावरूनही अर्धे काम होते. कायद्याचेही भान ठेवावे. १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे वाईन बाळगण्यास परवाना लागतो, २१ वर्षांखालील कोणास ती देता येत नाही, आणि परवान्यावाचून घरी काढणे हा गुन्हाच आहे. जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या दुकानांत वाईन ठेवू देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा शेतकऱ्याच्या हिताचे नाव पुढे करण्यात आले आणि केवढा वाद माजला, हे वाचकांस आठवत असेल. त्या गदारोळात मालाच्या गुणाचा प्रश्न बाजूलाच राहिला.

नाशिककडील अनुभवही ध्यानात ठेवण्याजोगा आहे. २००१ च्या राज्य धोरणानंतर तिकडे वाईनच्या द्राक्षांची लागवड वाढली. २००८-०९ च्या मंदीत कारखान्यांचा खप बसला, आणि वाईनचे वेल उपटून पुन्हा खाण्याची द्राक्षे लावण्याची पाळी अनेकांवर आली. आपला चिकू निदान खाण्यासही चालतो, हे आपले भाग्य. म्हणून सर्व बाग एका कारखान्याच्या भरवशावर टाकू नये. २०१६ साली डहाणू घोलवड चिकूस भौगोलिक मानांकन मिळाले आहे. ते नाव ताज्या फळाच्या पेटीवर नीट जपणे हे आजही पहिले काम आहे.

लाल वाईनचीच ज्यांस हौस आहे, त्यांनी बहाडोलीच्या जांभळाकडे पाहावे. त्यात गडद रंग आहे, तुरटपणा आहे, आंबटही आहे. चिकूत जे नाही, ते सारे आहे. पावसाच्या तोंडावर ते थोडे दिवस येते आणि पुष्कळसे झाडाखालीच सडते. पालघर किंवा बोईसर येथे पाच-सात बागाईतदारांनी परवाने काढून, चिकू व जांभूळ या दोहोंच्या नव्या बाटल्या व एखादी पिनो न्वारची बाटली शेजारी शेजारी ठेवून चाखल्या, तर त्या बैठकीची टिपणे छापण्यास आम्ही या मासिकात जागा राखून ठेवू.