हात कामात, निरोप डोळ्यासमोर

गॅरेजवाल्याचे दोन्ही हात ग्रीसने माखलेले असतात आणि नेमका त्याच वेळी खिशातला मोबाईल वाजतो. हात पुसेपर्यंत गिऱ्हाईक दुसरीकडे गेलेले असते. रंगारी, हलवाई, जरीकाम करणारा, सर्वांचीच ही अडचण आहे. म्हणून मोबाईलवरचा निरोप डोळ्यासमोर दाखवणारा, हाताच्या इशाऱ्यावर चालणारा चष्मा हे कारागिराचे अवजार आहे, असे आमचे मत आहे.

मोठ्या कंपन्यांनी त्याला शौकाची वस्तू बनवले. गूगलने २०१३ मध्ये आपला चष्मा १५०० डॉलरला विकला. त्यातल्या कॅमेऱ्यामुळे लोक बिचकले आणि २०१५ मध्ये सर्वसामान्यांसाठीची विक्री थांबली. मेटा कंपनीने २०२५ मध्ये आणलेला पडद्याचा चष्मा ७९९ डॉलरचा, त्यातही कॅमेरा आहेच. आमच्या कारागिराला कॅमेरा हवा कशाला?

ब्लूटूथ असलेला इएसपी-३२ बोर्ड, इंचभराचा ओएलईडी पडदा, एपीडीएस-९९६० हा इशारा ओळखणारा सेन्सर आणि लहान बॅटरी एवढ्यावर भागते. हे सुटे भाग दोन-तीन हजार रुपयांच्या आत बसतात. हातावरून परतलेल्या अवरक्त किरणांवरून हात डावीकडे गेला की उजवीकडे, हे सेन्सर ओळखतो. चष्म्याला बोट लावावे लागत नाही. कडक उन्हात मात्र तो गोंधळतो. छपराखालच्या धंद्यालाच तो बरा.

खरी मेख भिंगात आहे. डोळ्यापासून इंच-दीड इंचावरचा पडदा स्पष्ट दिसतच नाही. मध्ये योग्य भिंग बसवले, तरच अक्षरे दूर असल्यासारखी स्वच्छ दिसतात. आरसा वापरला तर ती उलटी होतात, म्हणून आधीच उलटवून पाठवावी लागतात. भिंगाचे हे काम मोबाईल दुरुस्त करणाऱ्याचे नव्हे, चष्मेवाल्याचे आहे. दोघांची दुकाने एकाच गल्लीत असतात, पण भागीदारीचा विचार कोणी केला आहे?

लिपीचाही प्रश्न आहे. या पडद्यांसाठी मिळणारी तयार अक्षरे बहुधा इंग्रजी असतात. त्यांच्या भरवशावर राहिल्यास मराठीची जोडाक्षरे फुटतात, उर्दूची अक्षरे सुटी पडतात. मजकुराचे चित्र फोनवरच बनवून पाठवले की हा प्रश्न मिटतो. १२८ गुणिले ६४ ठिपक्यांत दोन-तीन ओळी मावतात. शिकलेल्या मुलांनी एवढे काम अंगावर घ्यावे.

पहिले चार-पाच नग विकू नयेत, शेजारच्या गॅरेजात महिनाभर वापरायला द्यावेत. बॅटरी कानापाशी राहणार, तिथे हलका माल नको. फिरत्या यंत्रावर आणि गाडी चालवताना पडदा बंदच ठेवावा.