पेटीतली कसर



चातुर्मास तोंडावर आला की आपल्या घरात धान्य निवडणं, डबे उन्हात टाकणं, गाद्या-गोधड्या झटकणं सुरू होतं. पावसात जिवोत्पत्ती वाढते, म्हणून आषाढी चौदसच्या आधी हे आवरायचं, हे आपल्याला माहेरी आणि सासरी दोन्हीकडे शिकवलेलं असतं. यंदा मी सगळं आवरलं आणि शेवटी माळ्यावरची विणकामाची पेटी खाली काढली. ती चार वर्षांत उघडली नव्हती.

तळाशी सासूबाईंनी मामंजींसाठी घातलेला स्वेटर होता. पाठ पूर्ण झालेली, पुढची बाजू काखेपर्यंत आलेली. त्या गेल्या तेव्हा तो सुयांवरच होता आणि मी तो आठवण म्हणून तसाच ठेवला होता. उलगडून पाहिला तर जागोजागी भोकं, वाळूसारखा कचरा आणि त्यात बारीक पांढऱ्या अळ्या. कसर लागली होती.

आता काय करायचं? डांबराच्या गोळ्या टाकायच्या, कडक उन्हात टाकायचं, की गरम पाण्यात बुडवायचं? तिन्हींत त्या जिवांचं काय होणार हे उघड आहे. मी तो स्वेटर परसात कढीपत्त्याच्या सावलीत अलगद पसरून ठेवला, दोन-तीन दिवस हलक्या हाताने झटकला. किती जीव वाचले मला माहीत नाही. विराधना झालीच, आणि तिची आलोचनाही मी केली. पण मनात राहिलं ते वेगळंच. भाजी चिरताना अळी दिसली तर आपण किती जपून तिला बाजूला ठेवतो! इथे मात्र त्यांच्या जन्माची सोय मीच चार वर्षं करून ठेवली होती.

म्हणून आज माझं मत स्पष्ट मांडते. आपण परिग्रह म्हटलं की सोनं, पैसा, जमीन मोजतो. लोकर, दोरे, ब्लाउजपीस, अर्धवट भरतकाम यांना ‘हौस’ म्हणून सोडून देतो. पण रोजचे चौदा नियम धारताना आपण वस्त्रांचीही मर्यादा करतो ना? उपासकदशांगातल्या आनंद श्रावकानेसुद्धा व्रत घेताना वस्त्रांची मर्यादा केली होती. तत्त्वार्थसूत्रात तर परिग्रह वस्तूच्या किमतीवर नाही, आपल्या मूर्च्छेवर ठरवला आहे. माझी मूर्च्छा त्या पेटीत होती. आणि परिग्रहातून हिंसा कशी होते, हे मला प्रवचनात जेवढं समजलं नव्हतं तेवढं त्या स्वेटरने समजावलं.

कॉमर्स शिकताना वर्षाअखेरीला शिल्लक माल मोजायला शिकवलं होतं. त्यात अर्धा तयार झालेला मालही मालमत्तेच्या बाजूला धरतात. घरात मला ते उलट वाटतं. अर्धवट काम हे देणं आहे, कुणाला तरी कबूल केलेलं आणि न दिलेलं. मी यादी केली तेव्हा अकरा कामं निघाली. त्यात भाचीच्या बाळासाठी घातलेलं झबलं होतं. ते बाळ आता पाचवीत आहे!

माझी एक मैत्रीण म्हणाली, “अगं, रिकाम्या हातांपेक्षा हे बरं. हौसेला कसली मर्यादा?” हातांच्या कामाला माझा विरोध नाहीच. मीही रोज विणते. पण आपण नवीन गुंडे घेतो ते बहुतेक वेळा हात रिकामे आहेत म्हणून नाही, तर रंग आवडला किंवा स्वस्त मिळाले म्हणून. अंबाजोगाई बालाघाटाच्या डोंगरावर असली तरी आपल्याकडे लोकर अंगावर चढते ती जेमतेम दोन महिने. मग एवढा साठा कशासाठी?

मला उपयोगी पडलेल्या काही गोष्टी सांगते.

लोकर अंदाजाने घेऊ नका. आधी 10 सेंटिमीटरचा चौकोनी नमुना विणा आणि स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवा. समजा तो 6 ग्रॅम भरला. बाळाचं पांघरूण 75 बाय 90 सेंटिमीटरचं असेल तर त्यात असे साडेसदुसष्ट नमुने बसतात, म्हणजे 405 ग्रॅम. वर दहा टक्के धरा. 50 ग्रॅमचे नऊ गुंडे पुरे. ते एकदमच घ्या आणि लेबलवरचा रंगाचा लॉट नंबर सगळ्यांवर एकच आहे ना ते पाहा.

एका वेळी दोनच कामं ठेवा. एक मोजणीचं, एकटीने बसून करायचं. दुसरं बिनमोजणीचं, गप्पा मारत करायचं. तिसरं घालायचं तर आधी एक संपवा.

काम थांबवावंच लागलं तर सुया काढून टाके वेगळ्या रंगाच्या सुती दोऱ्यावर घ्या आणि चिठ्ठी टाचा: सुईचा नंबर, टाके किती, कितवी ओळ. मी थांबलेली बहुतेक कामं केवळ ‘कुठे होते’ हे न आठवल्याने राहिली.

कसर ॲक्रिलिकला लागत नाही, खऱ्या लोकरीला लागते. त्यातही घामाचा, तेलाचा डाग असलेल्या आणि अंधारात पडून राहिलेल्या लोकरीला आधी. म्हणून धुऊन, पूर्ण वाळवून ठेवा आणि महिन्यातून एकदा उघडून हलवा. गोधडीच्या सुती साड्यांचं स्टार्च धुऊन काढा, नाहीतर चंदेरी किडे येतात. उसवलेली लोकर खुर्चीच्या पाठीवर गुंडाळून लडी करा, चार ठिकाणी सैल बांधा, कोमट पाण्यात भिजवा आणि खाली हलकं वजन लावून वाळवा. वळ्या जातात, लोकर पुन्हा सरळ होते.

आणि काम वाटून घ्या. 2016 साली चेन्नईत ‘मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स’ या गटाने बायकांनी ठिकठिकाणी विणलेले तुकडे जोडून 11,148.5 चौरस मीटरचं पांघरूण केलं, त्याची गिनीज बुकात नोंद झाली. माप ठरलेलं, तारीख ठरलेली, म्हणून ते पूर्ण झालं. आपल्या मंडळाला विक्रम नको. पण दरवर्षी चातुर्मासाआधी एका दुपारी प्रत्येकीने आपलं एक अडलेलं काम आणावं, जिला जमेल तिने ते न्यावं आणि संवत्सरीच्या आत पूर्ण करून गरज असेल तिथे द्यावं, एवढं आपण नक्की करू शकतो. सुरुवात मी माझ्या घरी करायला तयार आहे.

माझ्या अकरापैकी चार कामं पूर्ण झाली, दोन उसवली, तीन दुसऱ्यांना दिली आणि दोन हातात आहेत. झबलं एका ओळखीच्या घरी नव्या बाळाला गेलं.

सासूबाईंचा स्वेटर उसवलेल्यांत आहे. चांगल्या निघालेल्या लोकरीचं सामायिकासाठी आसन विणलं, खाली जुन्या साडीचं दुहेरी अस्तर लावलं. त्यांच्या हातचा चार बोटं रुंदीचा एक तुकडा शाबूत होता, तो न उसवता मधोमध जोडला. रोज सकाळी 48 मिनिटं मी त्यावर बसते. रोज झटकलं जातं, रोज वापरलं जातं. त्याला आता कसर लागणार नाही.