पडद्याआडची पारख

मालाची पारख हा व्यापारी घरातील बालपणापासूनचा संस्कार. धान्य मुठीत घेतल्याशिवाय, कापड बोटांत चुरून पाहिल्याशिवाय पैसे मोजले जात नाहीत. मात्र घरासाठी स्पीकर घेताना तीच चोखंदळ माणसे खोक्यावरील नाव आणि वॅटचा आकडा वाचून सौदा पक्का करतात. कानाला विचारायचे राहूनच जाते.

कॅनडातील ओटावा येथील नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये डॉ. फ्लॉइड टूल यांनी या पारखीचा अनेक वर्षे अभ्यास केला. आवाज आरपार जाईल असा पडदा लावून ते श्रोत्यांना निरनिराळे स्पीकर ऐकवत. नाव, रूप, किंमत काहीच ठाऊक नसताना निरोगी कानांच्या बहुतेक श्रोत्यांचा कौल एकाच बाजूला पडे. मंद्रापासून तारापर्यंत सर्व स्वरांना समान न्याय देणारा, पदरचे काहीही न मिसळणारा स्पीकर त्यांना आवडे. पुढे १९९४ मध्ये टूल व शॉन ऑलिव्ह यांनी अमेरिकेतील हर्मन कंपनीत तेच स्पीकर पडद्याआड आणि उघड्यावर अशा दोन्ही रीतींनी ऐकवले. स्पीकर दिसू लागताच गुण बदलले. लहान व स्वस्त संचाचे गुण घसरले. अनुभवी श्रोतेही या मोहातून सुटले नाहीत.

वॅटच्या आकड्याचेही तसेच आहे. त्याच स्पीकरला ५० ऐवजी १०० वॅट शक्ती दिली, तरी आवाज अवघा ३ डेसिबलने वाढतो. तो दुप्पट भासण्यासाठी सुमारे दहापट शक्ती लागते. म्हणून आकडा मोठा असला की आवाज उत्तम, हा हिशेब चुकीचा ठरतो.

दुकानात दोन स्पीकर ताडून पाहताना दोहोंचा आवाज आधी सारख्या पातळीवर आणून घ्यावा. किंचित मोठा वाजणारा स्पीकर कानाला उगाचच सरस वाटतो. नंतर डोळे मिटावेत आणि परिचित माणसाचे साधे बोलणे ऐकावे. आवाज डब्यातून आल्यासारखा किंवा नाकातला वाटला, तर तो स्पीकर बाजूला ठेवावा. मग थोडे एका बाजूला सरकून पुन्हा ऐकावे. घरात भिंती व छतावरून परतलेला आवाजही कानी येतो. त्यामुळे बाजूने ऐकतानाही स्वराचा पोत फारसा बदलता कामा नये.

घरी आणल्यावर स्पीकर कोपऱ्यात कोंबू नये. तेथे खर्ज फुगतो आणि शब्द त्याखाली दबतात. गुळगुळीत फरशी व मोकळ्या भिंतींच्या दिवाणखान्यात आवाज घुमतो. तेथे सतरंजी आणि जाड पडदे यांचा उपयोग होतो.

या पारखीची खरी गरज घरातील वृद्धांना असते. ऐकणे मंदावलेल्या आजोबांना प्रवचनाचे शब्द उमगत नाहीत, तेव्हा घरची मंडळी आवाज वाढवतात. त्याने गोंगाट वाढतो, शब्द मात्र पुसटच राहतात. अखेरीस आजोबा काही न बोलता उठून आपल्या खोलीत जातात. म्हणून स्पीकर निवडताना त्यांना शेजारी बसवावे आणि त्यांना शब्द कळले का, हे आधी विचारावे. तराजूने स्वतःचे वजन मालात धरू नये, हे व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही. स्पीकरचीही कसोटी तीच आहे.