'यस्टर्डे'ची यादी

'यस्टर्डे' दिसले की साधा भूतकाळ, 'जस्ट' दिसले की पूर्ण वर्तमानकाळ: इंग्रजीचे काळ आपल्याकडे असेच घोकून घेतले जातात. गाळलेल्या जागा भरण्यापुरते हे ठीक. भाषा कळण्यासाठी निरुपयोगी.

शाहू महाराजांनी राधानगरीचे धरण बांधायला घेतले, हे इंग्रजीत सांगताना 'बिगॅन'च हवे. त्या धरणाने जिल्ह्याची शेती पालटली आहे, हे सांगताना मात्र 'हॅज चेंज्ड'. दोन्ही वाक्यांत कालवाचक शब्द एकही नाही. कर्ता १९२२ साली निवर्तला आणि धरणाचे पाणी आजही शिवारात येते, या जाणिवेने इथे काळ ठरतो. ती यादीत कशी मावणार? (अमेरिकन माणूस 'डिड यू ईट यट?' असे सहज विचारतो, तेव्हा यादीचे काय होते ते सोडाच.)

मुळात अडचण मराठीतल्या 'आहे'ची आहे. 'मी काल अर्ज दिला आहे' हे आपल्याकडे निर्दोष. इंग्रजीत 'हॅव' आणि 'यस्टर्डे' असे शेजारी नांदत नाहीत. दारातून बाहेर पडताना 'आलो हं' म्हणणारा तर भूतकाळाच्या रूपात भविष्य सांगतो! विद्यार्थी चुकतो तो या सवयीमुळे, आणि त्याला मिळतो लाल शेरा. मोरो केशव दामल्यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ पासून छापील आहे. इंग्रजीच्या किती प्राध्यापकांनी ते वर्गात नेले? काळांचा पहिला तास 'दिला' आणि 'दिला आहे' यांवरच व्हायला हवा, तोही मराठीतून.