हौशी वादकाला जागा हवी

छंदाला वेळ मिळत नाही, ही ठाणे-कल्याण पट्ट्यातील नोकरदाराची तक्रार खोटी नाही. कल्याण ते मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे अंतर सुमारे 54 किलोमीटरचे. जलद गाडीनेही जाण्यात तासभर आणि येण्यात तासभर जातो. तरीही ह्याच गाड्यांतील भजनी मंडळांनी टाळांच्या साथीने प्रवासाच्या वेळेचीच साधना करून दाखविली. वेळेच्या टंचाईवर माणूस युक्ती काढतो. जागेच्या टंचाईपुढे मात्र एकट्याची युक्ती चालत नाही. हौशी बेस गिटारवादक हे ह्याचे बोलके उदाहरण आहे.

चार जाड तारांचे हे वाद्य आपण पुष्कळ ऐकतो, परंतु क्वचितच ओळखतो. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदातील टोनी वाझ यांची बेस गिटार कानांवर पडूनही आपल्या स्मरणात राहिला तो गायकच. अशा वाद्याशी पंचवीस वर्षे इमान राखणारा नोकरदार प्रसिद्धीसाठी वाजवीत नाही, हे उघड आहे. रात्रीची जेवणे उरकली की हेडफोन लावून अर्धा तास बोटे चालवावीत, बोटांवरचे घट्टे मऊ पडू देऊ नयेत आणि रविवारी कोणाकडे तरी जमावे, एवढाच त्याचा नेम.

अडचण येते ती ह्या जमण्यातच. ताल आणि सूर यांना सांधणे हे बेसचे काम. सोबतीवाचून ते अपुरे राहते. शिवाय सर्वांत जाड तारेचा नाद सेकंदाला सुमारे 41 कंपनांचा असतो, आणि इतका खर्जातील नाद भिंतींना फारसा जुमानत नाही. तेव्हा शेजाऱ्याची तक्रार रास्तच ठरते. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा 55 व रात्री 45 डेसिबलची मर्यादा घातली आहे आणि ती पाळलीच पाहिजे.

गॅरी बेकर या अर्थशास्त्रज्ञाने 1965 साली असे मांडले की, कुटुंब केवळ वस्तू विकत घेत नाही, तर वस्तू आणि वेळ यांच्या मेळातून समाधान निर्माण करते. आपल्या दाटीच्या शहरांत ह्या मेळात जागाही धरावी लागेल. वाद्य एकदाच घ्यावे लागते. तालमीच्या खोलीचे भाडे मात्र तासागणिक मोजावे लागते. ज्या छंदातून कमाई नाही, त्याला हा खर्च वर्षानुवर्षे पेलणे कठीण.

ठाण्याची महानगरपालिका 1982 साली आणि कल्याण-डोंबिवलीची 1983 साली स्थापन झाली. गडकरी रंगायतन, अत्रे रंगमंदिर, फुले कलामंदिर ही त्यांची भूषणे आहेत. परंतु तेथे सिद्ध झालेली कला सादर होते. ती सिद्ध कोठे व्हावी, ह्याचा विचार झालेला नाही. वस्तीपासून थोड्या दूर असलेल्या पालिका शाळांतील एकदोन खोल्या ध्वनिरोधक करून सायंकाळी सात ते नऊ ह्या वेळेत नाममात्र शुल्कावर द्याव्यात. तबला शिकणारी मुले आणि एकांकिकावाले ह्यांनाही त्यांचा लाभ होईल.

पाणी आणि रस्ते आधी, असा आक्षेप येईल, आणि तो योग्यच आहे. मात्र येथे नवी इमारत मागितलेली नाही. खोल्या एकदा सज्ज केल्या की वीज आणि पहारेकरी यांचा खर्च शुल्कातून निघू शकेल. प्रश्न पैशाचा कमी आणि दृष्टीचा अधिक आहे. नागरिकाने दिवसभर राबावे आणि रात्री केवळ झोपायला परतावे, एवढ्यापुरतेच शहर असते काय, ह्याचे उत्तर दोन्ही पालिकांनी द्यावयाचे आहे.