उड्डाणाआधीचा धोका

१६ डिसेंबर २०१५ च्या रात्री मुंबई विमानतळावर, हैदराबादला निघालेल्या एअर इंडियाच्या विमानाच्या इंजिनात एक तंत्रज्ञ खेचला गेला आणि मरण पावला. पुशबॅक झाला होता. विमान पुढे सरकले, तेव्हा हा माणूस अजून जवळच उभा होता.

पुशबॅक म्हणजे टगने विमान मागे ढकलणे. त्या वेळी खाली चालणारा तंत्रज्ञ हेडसेटवरून वैमानिकाशी बोलत असतो. ब्रेक सोडले, ब्रेक लावले, हे दोघांनी मोठ्याने सांगायचे असते. मग टग सुटतो, हेडसेटची तार निघते आणि बोलणे थांबते. यापुढे सारी मदार हातवाऱ्यांवर. तंत्रज्ञाने बाजूला जाऊन, वैमानिकाला दिसेल असे उभे राहून, चाकाची काढलेली पिन दाखवायची आणि अंगठा उंचवायचा. ही खूण दिसेपर्यंत विमान हलता कामा नये. नियंत्रण कक्षाने टॅक्सीची परवानगी दिली असली, तरी ती मार्गापुरती असते. विमानाच्या नाकाखाली कोण उभे आहे, हे मनोऱ्यावरून कळत नाही.

टेनेरिफच्या धावपट्टीवर २७ मार्च १९७७ रोजी दोन जम्बो विमाने आदळून ५८३ जण गेले. त्यानंतर रेडिओवरचा शब्द न् शब्द काटेकोर झाला. तार काढल्यानंतरच्या त्या अर्ध्या मिनिटालाही तेवढीच शिस्त हवी.

योगायोग असा, की २७ मार्चलाच, २०२४ साली, कोलकात्यात दरभंग्याला निघालेल्या इंडिगोच्या विमानाचा पंख चेन्नईला जाण्यासाठी थांबलेल्या एअर इंडिया एक्स्प्रेसच्या पंखाला घासला. तुटलेला तुकडा टॅक्सीवेवर पडला. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. पंखाचे टोक कॉकपिटच्या बरेच मागे असते आणि वळताना ते अपेक्षेपेक्षा बाहेर जाते. डावीकडे बसलेल्या कॅप्टनला उजव्या टोकासाठी सहवैमानिकाच्या डोळ्यांवर विसंबावे लागते. अंतराची शंका आली, तर त्याने ‘थांबा’ म्हटले पाहिजे आणि कॅप्टनने कारण न विचारता थांबले पाहिजे. न्यूयॉर्कमध्ये २०११ साली ए-३८० च्या पंखाने एका छोट्या विमानाला गरकन फिरवले होते. पुढच्या वर्षी अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने मोठ्या विमानांवर पंखांची टोके दाखवणारे कॅमेरे बसवण्याची शिफारस केली.

कोलकात्याच्या घटनेनंतर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने इंडिगोच्या दोन्ही वैमानिकांना कामावरून बाजूला केले. ते योग्यच होते, पण पुरेसे नव्हे. विमान वेळेवर निघाले की नाही, हे ते जागेवरून कधी हलले यावर ठरते. म्हणजे घड्याळाचा सगळा दाब नेमका या मिनिटांवर येतो. कोणती कंपनी किती वक्तशीर, याची आकडेवारी महासंचालनालय दरमहा प्रसिद्ध करते. त्याच तक्त्याशेजारी प्रत्येक कंपनीच्या जमिनीवरील धडका आणि खुणेविना हललेली विमाने यांचीही नोंद दरमहा छापली जावी.