गोल न होऊ देणाऱ्या मुलीची बाजू

मुलीने फुटबॉल खेळायचं म्हटलं की आमच्या हुबळीच्या दाजीबानपेठेत चार आक्षेप हमखास ऐकू येतात. मागे, बॅकला खेळणाऱ्या मुलीला कोण ओळखतं? या खेळात पोट भरतं का? उद्या गुडघा गेला तर? आणि लग्न झालं, मूल झालं की संपलंच ना सगळं? कधी कधी पाचवाही आक्षेप येतो, की देशाच्या मुली जिंकतात तरी कुठे. हे बोलणारी माणसं मुलीच्या वाईटावर नसतात. ती तिची आई असते, आजी असते, शाळेतले सर असतात. काळजीपोटी घेतलेल्या आक्षेपांना उत्तरही तितक्याच काळजीने दिलं पाहिजे. माझं म्हणणं एवढंच आहे, की बचावपटूची कारकीर्द ही फुटबॉलमधली खणखणीत, लांब पल्ल्याची कारकीर्द आहे. ती उभी राहते नियमित सामन्यांवर, आणि आपल्या मुलींना नेमके तेच मिळत नाहीत.

पहिला आक्षेप नावाचा. १७ ऑक्टोबर २०२४ रोजी काठमांडूत सॅफ स्पर्धेत भारताने पाकिस्तानला ५-२ असं हरवलं. त्या सामन्यात बाला देवीने आपला पन्नासावा आंतरराष्ट्रीय गोल केला. त्याच सामन्यात लोइतोंगबम आशालता देवी आपला शंभरावा आंतरराष्ट्रीय सामना खेळली. शंभरी गाठणारी ती पहिली भारतीय महिला. मणिपूरची ही मुलगी बचावपटू आहे. २०११ मध्ये ती देशासाठी पहिल्यांदा खेळली, संघाची कर्णधार राहिली आहे. गोल करणाऱ्या इतक्या जणी आल्या आणि गेल्या, पण शंभरापर्यंत सर्वांच्या आधी पोहोचली ती गोल अडवणारी. २०१८-१९ साठी अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने तिला वर्षातली सर्वोत्तम खेळाडू ठरवलं. २०१९ मध्ये आशियातली सर्वोत्तम महिला खेळाडू निवडताना अंतिम तिघींत ती होती. बाकीच्या दोघी चीनची ली यिंग आणि जपानची साकी कुमागाई. पुरस्कार कुमागाईला मिळाला, आणि तीही मुळात बचावफळीतलीच. २०११ च्या विश्वचषक अंतिम सामन्यात निर्णायक पेनल्टी मारून जपानला जगज्जेतं करणारी हीच कुमागाई. बचावपटूला नाव मिळत नाही, हे म्हणणं इथेच निकालात निघतं.

तरी हा समज टिकून आहे, कारण आपली मोजपट्टी चुकीची आहे. घरी आलेल्या मुलीला आपण विचारतो, ‘किती गोल केलेस?’ जून-जुलै २०२५ मध्ये थायलंडच्या चियांग माईत भारतीय मुलींनी आशियाई चषकाची पात्रता फेरी जिंकली. मंगोलियाला १३-०, तिमोर-लेस्तेला ४-०, इराकला ५-० आणि शेवटी यजमान थायलंडला २-१. पात्रता फेरी खेळून आशियाई चषकात जाण्याची ही भारतीय महिलांची पहिलीच वेळ. चोवीस गोल झाले हे सगळ्यांनी लिहिलं. चार सामन्यांत खाल्ला तो अवघा एक गोल, हे फारसं कुणी लिहिलं नाही. थायलंडविरुद्ध संगीता बासफोरने दोन्ही गोल केले, त्यातला दुसरा ७४ व्या मिनिटाला. त्यानंतर शेवटच्या शिट्टीपर्यंत ती एका गोलाची आघाडी कुणी सांभाळली? ऑस्ट्रेलियात होणाऱ्या आशियाई चषकाचं तिकीट त्या सोळा-सतरा मिनिटांत पक्कं झालं, आणि ते काम बचावाचं होतं.

हे काम जवळून पाहावं. समोरची मुलगी चेंडू घेऊन वेगात येते. कच्ची बचावपटू तिच्या अंगावर धावून जाते आणि एका हुलकावणीत मागे पडते. तयार बचावपटू चार पावलं आधीच वेग कमी करते, गुडघे वाकवते, अंग तिरकं ठेवते. नजर चेंडूवर, समोरचीच्या खांद्यांवर नाही. आतला, गोलकडचा रस्ता ती स्वतःच्या शरीराने बंद करते आणि समोरचीला रेषेकडे वळायला भाग पाडते. मग थांबते. चेंडू पायापासून हातभर सुटला की त्या क्षणी पाय घालते. हे चालू असताना तोंडाने ती शेजारच्या बॅकला ‘वर ये, आत ये’ सांगत असते, कारण चौघींतली एक जरी दोन पावलं मागे राहिली तरी ऑफसाइडची रेषा मोडते. यात पळण्याइतकाच अंदाज लागतो, आणि अंदाज येतो तो सामन्यांमागून सामने खेळून. शाळेत सर्वांत कमी पळणाऱ्या मुलीला बॅकला उभं करायची आपली पद्धत म्हणूनच मुळापासून चुकीची आहे. तिथे सर्वांत शहाणी मुलगी हवी.

यावर कुणी म्हणेल, बचावपटू लोकांच्या लक्षात राहते ती चुकीमुळे. या म्हणण्यात तथ्य आहे. ३० ऑक्टोबर २०२२ रोजी नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. स्पेनने कोलंबियाला १-० असं हरवलं, आणि तो एकमेव गोल ८२ व्या मिनिटाला कोलंबियाची बचावपटू आना मारिया गुझमान हिच्याकडून स्वतःच्याच जाळ्यात गेला. चारच दिवसांपूर्वी फातोर्ड्याला उपांत्य सामन्यात याच मुलींनी नायजेरियाला गोल करू दिला नव्हता आणि पेनल्टींवर बाजी मारली होती. ते लोक विसरले, स्वयंगोल लक्षात राहिला. पण गुझमानची कारकीर्द त्या मिनिटापाशी थांबली नाही. काही महिन्यांत जर्मनीच्या बायर्न म्युनिकने तिला करारबद्ध केलं. ८ ऑगस्ट २०२३ रोजी मेलबर्नला मोठ्यांच्या विश्वचषकात, जमैकाविरुद्ध, निलंबित सहकारी खेळाडूच्या जागी ती उतरली. तिने मैदानाच्या एका अंगाकडून दुसरीकडे टाकलेल्या लांब चेंडूवर कातालिना उस्मेने गोल केला. जमैकाने त्या स्पर्धेत खाल्लेला तो पहिला गोल. कोलंबिया पहिल्यांदाच उपांत्यपूर्व फेरीत गेली. चूक झालेल्या मुलीला पुढचा सामना मिळाला की काय होतं, ते या नऊ महिन्यांत दिसतं. आपल्याकडे तिला घरी बसवतात.

दुसरा आक्षेप पोटापाण्याचा. इथे मी गुळमुळीत बोलणार नाही, कारण आक्षेपात बळ आहे. इंडियन विमेन्स लीग सुरू झाली ती २०१६-१७ च्या हंगामात. पुढे बरीच वर्षं ती एका गावात जमून काही आठवड्यांत उरकली जायची. २०१९ ची मुख्य फेरी लुधियानात मे महिन्यात अडीच आठवड्यांत संपली. अडीच आठवड्यांच्या लीगवर कुणाचा संसार चालणार? २०२३-२४ मध्ये मात्र घरच्या आणि बाहेरच्या मैदानावर सामने झाले, आणि क्लबांनी किमान दहा भारतीय खेळाडूंना वर्षाला किमान ३ लाख २० हजार रुपयांचा करार द्यावा असा नियम महासंघाने केला. महिन्याला विभागले तर सव्वीस हजारांच्या वर जातात. पुरुषांच्या वरच्या लीगमधल्या नावाजलेल्या खेळाडूला याच्या कितीतरी पट मिळतात, आणि हा फरक अन्यायाचाच आहे. पण ज्या पैशांत पेठेतली कितीतरी सुशिक्षित मुलं खासगी नोकरीला सुरुवात करतात, तेवढे पैसे आज मुलीला फुटबॉल देऊ शकतो. शिवाय रेल्वे आणि पोलीस खात्यात खेळाडूंना नोकऱ्या मिळतात. रेल्वेचा महिला संघ राष्ट्रीय स्पर्धेत खेळतो, मणिपूर पोलिसांचा संघ लीगमध्ये खेळला आहे. नैर्ऋत्य रेल्वेचं मुख्यालय ज्या हुबळीत आहे, त्या गावाने खेळातून रेल्वेची नोकरी मिळते हे दुसऱ्या कुणाकडून ऐकायची गरज नाही.

तिसरा आक्षेप शरीराचा. गुडघ्यातला अस्थिबंध, ज्याला सगळे एसीएल म्हणतात, तो तुटण्याचा धोका मुलींना मुलांपेक्षा जास्त असतो. हे खरं आहे आणि लपवण्यात अर्थ नाही. पण त्यावर उपाय आहे. फिफाचा ‘अकरा प्लस’ हा सराव वीस मिनिटांचा आहे: संथ धावणं, पोटाचे आणि मांडीचे व्यायाम, एका पायावर तोल, उडी मारून उतरताना गुडघे आत न झुकू देणं. त्याला यंत्र लागत नाही, मैदान आणि शिकवणारं माणूस लागतं. तो नेमाने केला तर दुखापती कमी होतात, हे अभ्यासांतून दिसलेलं आहे. तेव्हा गुडघ्याच्या भीतीने मुलीला घरी ठेवण्यापेक्षा प्रशिक्षकाला विचारावं, ‘ही वीस मिनिटं रोज करून घेता का?’

चौथा, लग्नाचा आणि मुलाबाळांचा. अमेरिकेची बचावपटू जॉय फॉसेट तीन मुलींची आई. १९९५, १९९९ आणि २००३ या तिन्ही विश्वचषकांत ती संघासाठी प्रत्येक मिनिट खेळली. त्या काळी मातृत्वाच्या रजेचा जागतिक नियम नव्हता. आता आहे. १ जानेवारी २०२१ पासून फिफाने व्यावसायिक महिला खेळाडूंना किमान चौदा आठवड्यांची, किमान दोन-तृतीयांश पगाराची प्रसूती रजा बंधनकारक केली. मूल झालं की खेळ संपतो हा निसर्गाचा नियम नाही. घराने आणि क्लबने साथ सोडली की तो संपतो.

राहिला पाचवा आक्षेप, हरण्याचा. सतरा वर्षांखालील मुलींच्या त्याच २०२२ च्या विश्वचषकात यजमान भारताच्या मुलींनी तीन सामन्यांत सोळा गोल खाल्ले: अमेरिकेकडून आठ, मोरोक्कोकडून तीन, ब्राझीलकडून पाच. संघाची कर्णधार होती झारखंडच्या गुमला जिल्ह्यातली बचावपटू अस्तम उराँव. तिच्या मानासाठी घरापर्यंत रस्ता बांधायला घेतला, तेव्हा त्याच रस्त्यावर तिचे आईवडील मजुरीला होते. त्या मुलीला सोळा गोलांचा हिशेब विचारणाऱ्यांनी आधी हे विचारावं, की अमेरिकेच्या आणि ब्राझीलच्या मुली त्या वयापर्यंत किती सामने खेळलेल्या असतात आणि आपल्या किती. इंग्लंडच्या वरच्या लीगमध्ये गेल्या काही हंगामांत संघामागे बावीस सामने होत होते. २०२४-२५ मध्ये आपल्या लीगमध्ये आठ संघ होते आणि प्रत्येकाच्या वाट्याला चौदा सामने. वरच्या पातळीवर ही स्थिती, तर शाळेतल्या मुलीच्या वाट्याला काय येणार?

आणि सामना हातचा गेला की काय होतं, हे आशालताने सोसलं आहे. जानेवारी-फेब्रुवारी २०२२ मध्ये आशियाई चषक आपल्याकडे, नवी मुंबई, मुंबई आणि पुण्यात झाला. कर्णधार तीच. पहिल्या सामन्यात भारताने इराणला गोल करू दिला नाही, ०-० बरोबरी झाली. मग संघात कोरोना पसरला, चिनी तैपेईविरुद्ध संघ उतरवता आला नाही आणि भारत स्पर्धेतून बाहेर. त्याच वर्षी मे महिन्यात तिच्या नेतृत्वाखाली गोकुलम केरळ क्लबने लीग जिंकली. निर्णायक सामन्यात सेतू क्लबविरुद्ध पेनल्टीवर गोल तिनेच केला. ऑगस्टमध्ये आशियाई क्लब स्पर्धेसाठी गोकुलमचा संघ ताश्कंदला पोहोचला आणि फिफाने आपल्या महासंघावर बंदी घातली. मुली न खेळता परतल्या. दोन्ही वेळा खेळात त्या कमी पडल्या नव्हत्या. खेळायलाच मिळालं नाही.

तेव्हा आपण काय करायचं? लोंढ्याहून रेल्वेचा एक फाटा बेळगावला जातो, एक गोव्याला. हुबळी, धारवाड, बेळगाव, मडगाव ही गावं एका दिवसात जाऊन यायच्या टप्प्यात आहेत. या चार गावांतल्या शाळांच्या मुलींचे जून ते फेब्रुवारी दर आठवड्याला सामने व्हावेत. त्याला स्टेडियम लागत नाही, चुना मारलेलं मैदान, दोन पंच आणि प्रवासखर्च लागतो. नवरात्रात मांडवावर खर्च करणारी आपली मंडळं एवढा खर्च सहज उचलू शकतात. मैदानावर संध्याकाळचा एक तास मुलींसाठी राखून ठेवावा, आणि मोठ्या मुलांनी तो मोडू नये याची जबाबदारी तिथल्या मोठ्या माणसांनी घ्यावी. शाळेतल्या सरांनी बॅकची जागा विचारपूर्वक भरावी आणि एका चुकीवरून मुलीला बाहेर काढू नये. मुलीने शिक्षण सोडू नये. रेल्वेच्या आणि पोलिसांच्या नोकरीसाठी तेही लागतं.

आईवडिलांनी मुलीच्या वहीत गोलांऐवजी खेळलेली मिनिटं लिहून ठेवावीत. वर्षाला दोन-तीन सामन्यांची मिनिटं भरली, तर ती का मागे पडते याचं उत्तर तिथेच मिळेल. तीस सामन्यांची भरली, तर चार वर्षांत तुळजाभवानीच्या गल्लीतली मुलगी लीगच्या चाचणीला इतरांच्या बरोबरीने उभी राहील. निवड होईल की नाही हे मैदान ठरवेल. तिला तिथवर जाऊ द्यायचं की नाही हे मात्र आपण ठरवतो, आणि ते याच जूनपासून ठरवायला हवं.